एकशे चाळीस जुड्यांची राख

१

मंगळवारी सकाळी साडेआठला शेड चारचं दार उघडलं, तेव्हा आत झाडलेल्या जमिनीशिवाय काहीही नव्हतं.

आदल्या दिवशी दहा वाजता याच जमिनीवर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पऱ्हाट्यांच्या, एकशे चाळीस जुड्या रचलेल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या. मी सुलक्षणा, गिरणाकाठ विद्यापीठाच्या ऊर्जा आणि पर्यावरण संकुलात अग्निसुरक्षा अधिकारी. कुठे काय पेटतंय आणि कुठे काय पेटू नये, हे बघत हिंडणं माझं काम. लोक मला बघून सिगारेट विझवतात आणि पाठीमागे मला बंब म्हणतात. म्हणू देत.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या एकशे चाळीस शेतांतून एकेक जुडी आणलेली. प्रत्येक जुडीला तारेनं बांधलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला, त्यावर शेताचा क्रमांक. या पऱ्हाट्यांपासून दगडी कोळशाच्या तोडीचं जळण होतं, असा शोध डॉ. भूपेंद्र यांनी गेल्या वर्षी जाहीर केला आणि आमचं जळगाव-धुळे रस्त्यावरचं संकुल एकदम पेपरात झळकलं. बुधवारी सकाळी अकराला दिल्लीहून समिती येणार होती. त्यांच्या मनाला येतील त्या तीस जुड्या त्यांच्यासमोर जाळून, उष्णता मोजून दाखवायची, असं ठरलेलं. आणि आता जाळायला काडीसुद्धा शिल्लक नव्हती.

डॉ. भूपेंद्र दारातच मटकन खाली बसले. संचालक ज्योत्स्ना मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. मग भूपेंद्रच उठले आणि म्हणाले, काल भरीत झालं ना, चला जरा त्या खड्ड्याकडे. आम्ही त्यांच्या मागून कार्यशाळेच्या पाठीमागे गेलो. तिथल्या खड्ड्यात त्यांनी काठी फिरवली, वाकले, आणि रुमालात गोळा करून एकेक चकती मॅडमपुढे धरू लागले. जुड्यांचे बिल्ले होते ते.

"उखर्डूनं भरितासाठी माझी सहा वर्षं जाळली," ते म्हणाले.

२

आता भरिताचं सांगायला हवं. थंडीत खानदेशात भरीत पार्टी झाली नाही, तर ते वर्ष धरायचंच नाही. हिरवट पांढरी, हातभर वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, सगळ्यांनी गोल बसून सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, आणि पुरीबरोबर पोट दुखेपर्यंत खायची. आमच्या संकुलात हे भरीत उखर्डू आबा करतात. शेडचे परिचर ते, नरडाण्याजवळच्या खेड्यातले. संकुलातून शिकून गेलेले विद्यार्थी त्यांच्या भरितासाठी पुण्याहून येतात. भाजताना मात्र ते कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. कार्यशाळेच्या बोळात खाट आडवी टाकतात, आणि खाटेपलीकडे पाऊल टाकायची कुलगुरूंचीही हिंमत नाही.

शेड चारच्या किल्ल्या दोनच. एक डॉ. भूपेंद्रांकडे, दुसरी उखर्डू आबांकडे. काल जाळ केला तो आबांनी, बिल्ले सापडले ते आबांच्या खड्ड्यात. सगळं इतकं चोख जुळत होतं की मला एकदम राग आला. आगीच्या चौकशीत असं कधी जुळत नाही.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. आबांच्या निलंबनाचं पत्र टंकून टेबलावर पडलं होतं, फक्त सही राहिली होती. समितीपुढे काहीतरी कारवाई दाखवावी लागेल, असं त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी त्यांना आठवण करून दिली, की आबा येत्या शनिवारी निवृत्त होताहेत. एकतीस वर्षांची नोकरी. गावाहून दोन जीपगाड्या भरून माणसं येणार आहेत, वाजंत्री ठरलेत. त्यांना वाजतगाजत न्यायला आलेल्या गावासमोर हा माणूस चोर म्हणून उभा राहणार.

मॅडमनी पत्र उलटं करून ठेवलं. "पाच वाजेपर्यंत अहवाल द्या. पाचला मला सही करावीच लागेल."

घड्याळात सव्वानऊ झाले होते. खरं सांगते, मला स्फुरण चढलं.

३

आधी फाटकावर गेले. पहारेकरी हिलालच्या नाकावर माशी बसत नाही, पण नोंदवही त्याची आरशासारखी स्वच्छ. सोमवारी सकाळपासून एकही टेम्पो, ट्रॅक्टर, हातगाडी बाहेर गेली नव्हती. रात्री तर फाटकाला साखळीच. एका जुडीचं वजन दीड किलो धरा. दोनशे दहा किलो काड्या काही कुणी डब्याच्या पिशवीतून नेत नाही. म्हणजे जुड्या संकुलात होत्या, किंवा संकुलातच जळल्या होत्या.

मग डॉ. भूपेंद्रांचा जबाब घेतला. बोलताना त्यांचे डोळे भरून येत होते, आणि मलाही वाईट वाटलं. या सहा वर्षांत त्यांनी किती शेतं पायी तुडवली ते सगळ्यांना ठाऊक होतं. काल अकरापासून जेवणापर्यंत ते कार्यशाळेच्या आसपासच होते म्हणे. साडेबाराला खाट ओलांडून आत डोकावले, उखर्डूची पाठ होती. खड्ड्यात पऱ्हाट्या धडधडून पेटलेल्या, आणि जाळावर वांगी. तेव्हा जुड्या आपल्याच असतील असा संशयही आला नाही, नाहीतर तिथेच हात धरला असता. एवढं सगळं मी लिहून घेतलं आणि त्यांनी खाली ठसठशीत सही केली.

उखर्डू आबा शेडच्या पायरीवर बसले होते. टोपी मांडीवर. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरलेली. मी शेजारी बसले आणि त्यांच्याच बोलीत म्हटलं, "आबा, मी देवपूरनी शे. मनासंगे तरी खरं बोला."

त्यांनी मांडीवरच्या टोपीची घडी बोटांनी सारखी केली.

"ताई, मी चोर नही शे. याना पुढे मले काही इचारू नका. तुमले जे लिखानं शे ते लिखा."

शनिवारी गाव येणार आहे, म्हणून मी मुद्दाम आठवण दिली. त्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठून झाडू हातात घेतला. रिकाम्या शेडमध्ये, आधीच झाडलेल्या जमिनीवर ते पुन्हा झाडत राहिले. या माणसाला काहीतरी माहीत होतं आणि ते तो मरेपर्यंत सांगणार नव्हता. पण का?

४

मी पुन्हा खड्ड्याकडे गेले. या वेळी एकटी, घमेलं आणि तराजू घेऊन.

शंभर किलो पऱ्हाटी जाळली, तर चारेक किलो राख राहते. हे आमच्या संकुलातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. दोनशे दहा किलोंची राख आठ किलोच्या वर भरायला हवी, चांगली दोन घमेली. मी खड्डा खरवडून काढला. भरली पाव किलो. वारा नव्हता, कुणी राख उचलली नव्हती, कडेच्या भिंतीवरची कोळिष्टकंसुद्धा जागच्या जागी होती. एवढ्या जाळावर मिरच्या भाजल्या गेल्या असतील, साठ माणसांची वांगी नव्हे.

दुसरी गोष्ट बिल्ल्यांची. ते चकचकीत होते, जाळातून गेलेले नव्हतेच. आणि तारा एका ठिकाणी पकडीनं तोडलेल्या, टोकं लखलखत होती. भरीत करणारा माणूस जुडी उचलतो आणि जाळात टाकतो. एकशे चाळीस तारा तोडत बसायला त्याला काय पडलंय? ज्यानं तारा तोडल्या, त्याला धातू चालणार नव्हता. का चालणार नव्हता, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी तिथेच उकिडवी बसून डोकं खाजवलं आणि हात खाली घेतला तेव्हा माझी नजर माझ्या नखांवर गेली.

काल मीही वांगी सोलायला बसले होते. पंधरा-वीस तरी सोलली असतील, कारण माझं तोंड चालू असलं की हात आपोआप चालतात. पऱ्हाटीवर भाजलेलं वांगं सोललं, की काजळी नखांत अशी बसते की दोन दिवस निघत नाही. लहानपणी भरिताच्या दुसऱ्या दिवशी शाळेत बाई ओळखायच्या. माझी नखं स्वच्छ होती. काल रात्री मी त्याचं श्रेय नव्या साबणाला दिलं होतं. अग्निसुरक्षा अधिकारी म्हणे.

म्हणजे ती वांगी जाळावर भाजलीच नव्हती. आणि आम्ही साठ जण बोटं चाटत आबांच्या जाळाचं कौतुक करत होतो.

मी मान वर केली. खड्ड्यापासून दहा पावलांवर, ताडपत्रीखाली झाकलेला, एका खोलीएवढा मोठा सौर आरसा उभा होता. उन्हाची तिरीप एका जागी गोळा करणारा. दिवाळीपासून तो बंद ठेवायचा हुकूम होता. ताडपत्रीची दोरी मात्र नवी होती, आणि आरशापुढच्या लोखंडी तव्याच्या कडेला वांग्याचा एक देठ चिकटला होता.

५

आरसा मोनालीचा. मोनाली रावेरच्या केळीवाल्यांची पोर, आमच्याकडे संशोधन करते. पिकून वाया जाणारी केळी उन्हावर सुकवायची, म्हणून तिनं तीन वर्षं घासून हा आरसा उभा केला. तिचे मार्गदर्शक डॉ. भूपेंद्र. दिवाळीत त्यांनी तिला सांगितलं, की हा खेळ बंद, पऱ्हाटीच्या कामाला लाग, आरशाला हात लावलास तर तुझी नोंदणी रद्द.

मी तिच्यापुढे तो देठ ठेवला, आणि पोरगी रडायलाच लागली. तिनंच आबांच्या मागे लागून हट्ट केला होता. साठ माणसांचा स्वयंपाक विस्तवाशिवाय होतो हे एकदा तरी करून बघायचं होतं तिला. आबांनी आठ दिवस ऐकलं नाही. मग म्हणाले, धुरापुरता जाळ मी करतो, म्हणजे कुणाला कळायचं नाही, आणि माझं नाव कुठे घ्यायचं नाही. तिनंही त्यांच्याकडून वचन घेतलं, काही झालं तरी आरशाचं सांगायचं नाही.

"मी सकाळीच सांगायला निघाले होते," ती म्हणाली. "आबांनी अडवलं. म्हणाले, तुझं सगळं पुढे आहे, माझे चार दिवस राहिलेत."

मी तिला माझा रुमाल दिला. पण रडून पत्र फाटणार नव्हतं. वांगी आरशावर भाजली, एवढ्यानं आबा निर्दोष ठरत होते, चोर सापडत नव्हता. पावणेदोन वाजले होते. मी तिला विचारलं, काल जेवण अर्धा तास उशिरा का झालं? मी भुकेनं दोनदा ओरडले होते, म्हणून लक्षात होतं.

मोनालीनं डोळे पुसले आणि वही काढली. खरा संशोधक रडताना वही विसरत नाही. आरशाला जोडलेलं यंत्र दर मिनिटाला उन्हाची नोंद घेतं, ती कागदावर उतरलेली होती. आभाळ दिवसभर निरभ्र. तरी अकरा वीस ते बारा पन्नास उन्हाचा आकडा एकदम खाली आलेला. समासात तिनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: धूर, शेड सातच्या धुराड्यातून, आरशावर सावली, वांगी मागे पडली.

शेड सात. तिथे डॉ. भूपेंद्रांच्या प्रयोगाची मोठी भट्टी आहे. भट्टीच्या तोंडाशी जळण बारीक करणारं कुट्टी यंत्र आहे, शेतकऱ्याच्या गोठ्यात असतं तसंच. आणि कुट्टीत तारेचा तुकडा गेला, की पातं तुटतं, हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही.

तारा का तोडल्या ते मला आत्ता कळलं. भट्टी तीन आठवडे दुरुस्तीसाठी बंद आहे, असा फलक शेड सातवर होता. त्या शेडची एक किल्ली डॉ. भूपेंद्रांकडे, दुसरी माझ्या सुरक्षा कपाटात असते. मी धावत सुटले. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या बाईनं धावू नये, पण मी धावले.

भट्टीच्या पोटातली राख मऊ आणि ताजी होती. वजन भरलं आठ किलो शंभर ग्रॅम.

६

चार वाजता मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मॅडम, मी, मोनाली, उखर्डू आबा आणि डॉ. भूपेंद्र. उलटं ठेवलेलं पत्र अजून टेबलावरच होतं.

मी भूपेंद्रांना एकच विनंती केली, सकाळचा जबाब पुन्हा एकदा सांगा. त्यांनी सांगितला. साडेबारा, आबांची पाठ, धडधडती पऱ्हाटी, जाळावर वांगी. शब्दही बदलला नाही. मग मी त्यांना विचारलं, त्यांच्या डावीकडे काय होतं?

"डावीकडे काही नव्हतं. झाकलेला आरसा."

मोनालीनं वही मॅडमपुढे सरकवली. त्या वेळी आरसा उघडा होता, खोलीएवढा, धुरातूनही चकाकणारा, आणि वांगी त्याच्याच तव्यावर होती. तिथे डोकावलेल्या माणसाला तो दिसला नाही, हे कसं शक्य आहे? मी म्हटलं, साहेब, तुम्ही तिथे गेलाच नव्हतात. भरीत म्हटलं की पऱ्हाटीचा जाळ असणारच, हे तुम्ही गृहीत धरलंत. तुम्हीही खानदेशातले, मीही, आपल्यातल्या कुणालाही दुसरं काही सुचलं नसतं. तुम्हाला तर तेच हवं होतं. काल सगळीकडे धूर असणार, एका धुराड्याकडे कोण बघतंय. गाण्यांचे कर्णे चालू असताना कुट्टीचा आवाज कुणाला ऐकू जातोय. तारा तोडून जुड्या शेड सातमध्ये जाळायच्या, आणि सगळे जेवून सुस्तावले की बिल्ले आबांच्या खड्ड्यात टाकायचे.

"मी माझंच काम का जाळीन?" भूपेंद्र म्हणाले. आवाज मात्र पार बसला होता.

त्याचं उत्तर मी दुपारी तीनला शोधलं होतं. जुड्या शेडमध्ये आल्यापासून ज्या ज्या जुडीतून जाळायला काड्या काढल्या, त्या जुडीची नोंद शेडच्या वहीत आबांनी न चुकता ठेवली होती. बारा जुड्या. बाकीच्या एकशे अठ्ठावीस जुड्यांना कधीच कुणी हात लावला नव्हता. शोधनिबंधात मात्र एकशे चाळीस शेतांची उष्णता दोन दशांशांपर्यंत छापलेली होती. उद्या समितीनं तीस जुड्या जाळल्या असत्या, तर पितळ उघडं पडलं असतं.

मी शेडची वही मॅडमपुढे ठेवली. मग भूपेंद्रांनीच सुरुवात केली, खाली मान घालून. पहिल्या बारांचे आकडे फार सुंदर आले. बाकीचे तसेच येणार, म्हणून त्यांनी आधी लिहून टाकले, नंतर मोजू म्हणाले, आणि मग वेळ गेली ती गेलीच. आबांचे चारच दिवस राहिलेत, फार काही होणार नाही त्यांचं, असं वाटलं.

ज्योत्स्ना मॅडमनी ते पत्र हातात घेतलं आणि चार तुकडे केले. समितीला उद्या आहे ते खरं सांगायचं, संकुलाचं जे व्हायचं ते होऊ दे, असं त्या म्हणाल्या. मग उठून आबांपुढे उभ्या राहिल्या. सकाळी खड्ड्यापाशी सगळ्यांदेखत त्यांच्यावर आळ घेतला गेला, तेव्हा त्या गप्प राहिल्या होत्या. आता त्याच जागी, त्याच माणसांसमोर त्या माफी मागणार होत्या.

पण अहवाल पुरा व्हायला एक कागद हवा होता. समितीपुढे आणि शनिवारी गावापुढेही तोच वाचला जाणार होता. भरीत जाळावर भाजलं नव्हतं, मोनालीच्या आरशावर भाजलं होतं, आणि जाळ केवळ दाखवायला होता, असा आबांचा सहीचा जबाब. मी तो लिहून त्यांच्यापुढे ठेवला. तोवर मला वाटत होतं, की आबा फक्त मोनालीसाठी गप्प होते. आत्ता त्यांच्या हातातलं पेन थांबलेलं बघितलं, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. एकतीस वर्षं ज्या हाताच्या जाळासाठी माणसं पुण्याहून येत होती, तो हात काल नुसता तव्यावर वांगी उलटत होता, हे त्यांनी स्वतः लिहून द्यायचं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणालाही फरक कळला नव्हता.

मोनाली म्हणाली, आबा, राहू द्या. माझ्याकडे यंत्राची नोंद आहे, तेवढी पुरेल.

आबांनी मान हलवली. पुन्हा एकदा सगळा कागद, ओठ हलवत, वाचला.

"चोर म्हनीसन गावमा जावापेक्षा," ते म्हणाले, "आरसावर भरीत करनारा म्हनीसन जासू."

आणि त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, सही केली.